डबी आणि गाणे

खिशात मावणारे गाण्याचे यंत्र विकत घ्यायला निघालेला गृहस्थ दुकानात प्रथम काय पाहतो? डबीचा आकार, तिचा रंग, तिची किंमत आणि तिच्यात किती गाणी मावतात तो आकडा. आत गाणे कोणत्या स्वरूपात साठवले जाणार, हा प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. परंतु गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर डब्या आल्या आणि गेल्या. ग्राहकाचा संग्रह टिकला की बुडाला, हे बव्हंशी त्या स्वरूपावरच ठरले. तो इतिहास आज थोडक्यात आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

मूळ अडचण होती जागेची. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची मोजणी सेकंदाला 44,100 वेळा होते, आणि तीही डाव्या-उजव्या बाजूंची वेगवेगळी. हा भार सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट इतका पडतो. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग व फ्राउनहोफर संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी यावर तोड काढली, ती माणसाच्या कानाच्या अभ्यासातून. मोठ्या आवाजालगतचा बारीक आवाज पुष्कळदा कानाला जाणवतच नाही. मग तो साठवावा कशाला? असे अंश गाळीत गेले म्हणजे भार 128 किलोबिटांवर, जवळजवळ अकराव्या हिश्शावर येतो. सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे साथीवाचूनचे गाणे ब्रान्डेनबुर्गांनी कसोटीला लावले, तेव्हा प्रथम ते फारच विद्रूप ऐकू आले व पद्धतीत सुधारणा करावी लागली. उघड्या गळ्यापुढे लपवाछपवी चालत नाही, हे बैठकीच्या श्रोत्यांना सांगायला नकोच! 14 जुलै 1995 रोजी या फाइलींसाठी 'एमपी3' ही खूण मुक्रर झाली.

1998 साली दक्षिण कोरियातील साएहान कंपनीचा 'एमपीमॅन' व अमेरिकेत 'रिओ' ही यंत्रे बाजारात आली. रिओत जागा 32 मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. तरीही ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. जून 1999 मध्ये अपील न्यायालयाने कौल दिला तो यंत्राच्या बाजूने. ऑक्टोबर 2001 मध्ये ॲपलचा 'आयपॉड' आला: 5 गिगाबाइट जागा, हजार गाणी.

येथपर्यंत कथा सुखाची. पुढे गाण्याला कुलूप लागले. ॲपलने 2003 साली गाण्यांचे दुकान उघडले. तेथील 'एएसी' स्वरूप एमपी3हून सरस, पण वर कुलूप असे की, इतर कंपन्यांच्या यंत्रांवर ते गाणे वाजू नये. 2009 साली ते काढले गेले. मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. ते बंद झाल्यावर, 2008 साली कंपनीने जाहीर केले की किल्ल्या देणारी व्यवस्थाही थांबेल. म्हणजे संगणक बदलला की विकत घेतलेली गाणी मुकी! ओरड झाली, तेव्हा 2011 अखेरपर्यंत मुदत वाढली. पैसे मोजले होते ग्राहकाने. किल्ली मात्र दुकानदाराच्या कमरेला.

याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. 2001 साली 'फ्लॅक' हे खुले स्वरूप सिद्ध झाले. त्यात एकही अंश गाळला जात नाही, तरी जागा बरीच वाचते. आणि ते वापरण्यास कोणाचा परवाना लागत नाही. एमपी3चे परवानेही 2017 साली संपले, व तेही सर्वांना मोकळे झाले.

तात्पर्य काय? आपल्या डिस्कवरील गाणी घरी फ्लॅकमध्ये उतरवून ठेवावी, व खिशातल्या यंत्रासाठी त्यावरून एमपी3 किंवा एएसी प्रती कराव्या. उलटा प्रवास होत नाही. एकदा गाळलेले परत मिळत नाही. नवे यंत्र घेताना ते कोणकोणती स्वरूपे वाजवते, हे आधी विचारावे. आयपॉडचेही उत्पादन 2022 साली थांबले. त्या डबीत ज्यांनी मोकळ्या फाइली ठेवल्या होत्या, त्यांनी त्या दुसऱ्या डबीत घातल्या, आणि गाणे पुढे चालू राहिले.