पुणेरी पलटणने स्टार रेडरऐवजी तरुण पोरांवर टीम उभी केली, हे जमलं कसं?

१ मार्च २०२४. हैदराबादच्या फायनलमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनमध्ये पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. कॅप्टन होता अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या सीझनचा टॉप रेडर तो नव्हता. तो मान २७६ रेड पॉईंट घेणाऱ्या दबंग दिल्लीच्या आशू मलिकचा. तरीही सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली ती अस्लमची. पुण्याची टीम कळून घ्यायची असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते.

त्याआधी कबड्डीतली एक अडचण. बास्केटबॉलमध्ये कोच नव्या पोराला ठरवून दहा मिनिटं देऊ शकतो. कबड्डीत मॅच ४० मिनिटांची, मॅटवर सात जण, पण नवा रेडर पहिल्याच चढाईत पकडला गेला की बाहेर. आपल्या टीमने पॉईंट घेऊन त्याला जिवंत करेपर्यंत तो नुसता बसून. म्हणजे कोचने कितीही ठरवलं तरी पोराची मिनिटं समोरचा डिफेन्स ठरवतो.

त्यात आणखी एक मेख आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत पॉईंट आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. एका स्टारवर चालणाऱ्या टीममध्ये ही जोखमीची तिसरी चढाई बऱ्याचदा ज्युनियरच्या गळ्यात पडते, कारण स्टार बाहेर गेलेला परवडत नाही. पोरगा अवघड चढाया करतो, बाद होतो, आकडे खराब दिसतात, आणि पुढच्या मॅचला बेंचवर. त्याच्यात दम नव्हता की त्याला काम वाईट मिळालं, हे पॉईंट टेबल सांगत नाही.

पुण्याचा रस्ता बदलला तो आठव्या सीझनमध्ये. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या बायो-बबलमध्ये हा सीझन सुरू झाला, कोच अनुप कुमार. टीममध्ये नितीन तोमर आणि राहुल चौधरी अशी मोठी नावं होती. पण सीझन पुढे सरकला तसा चढायांचा भार अस्लम आणि मोहित गोयत या दोन पोरांवर आला. पलटण प्लेऑफपर्यंत गेली, तिथे यूपी योद्धाकडून हरली. मोहित त्या सीझनचा सर्वोत्तम नवा तरुण खेळाडू ठरला.

या पोरांना नुसता वेळ मिळाला असं नाही, काम ठरवून मिळालं. अस्लम आणि मोहित दोघेही चढाई करतात आणि पकडीतही उभे राहतात. आकाश शिंदे आणि पंकज मोहिते यांचीही जोड मिळाली. चढाया तीन-चार जणांत वाटल्या गेल्या की एक बाद झाला तरी डाव अडत नाही आणि कुणा एकाला हिरो व्हावं लागत नाही. अस्लमचा आशूएवढा पॉईंटचा डोंगर का दिसत नाही, याचं उत्तर बरंचसं या वाटणीत आहे.

नवव्या सीझनमध्ये याची परीक्षा झाली. कोच आता बी. सी. रमेश होते, कॅप्टन इराणचा फजल अत्राचली. नेमक्या नॉकआऊटच्या वेळी अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. तरी पंकजच्या जोरावर पलटणने तमिळ थलायवाजविरुद्धची सेमीफायनल काढली. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईतल्या फायनलमध्ये आकाश आणि आदित्य शिंदे यांना चढाया कराव्या लागल्या. जयपूर पिंक पँथर्सने ती ३३-२९ अशी जिंकली. दोन मुख्य रेडर नसताना फक्त चार पॉईंटनी हरणं, माझ्या मते त्या सीझनमधली पलटणची सर्वात मोठी कमाई.

मग पैशांचं गणित. दहाव्या सीझनला प्रत्येक टीमकडे ५ कोटी होते. तरुण खेळाडू रिटेन करणं लिलावात स्टार घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. चढाईची बाजू घरचीच असल्याने पलटण एकट्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख, म्हणजे जवळपास निम्मी थैली, ओतू शकली. त्याने डाव्या कोपऱ्यातून ९९ टॅकल पॉईंट घेतले. बाकी डिफेन्समध्ये अभिनेश नादराजन, संकेत सावंत आणि गौरव खत्री, हीसुद्धा तरुणच पोरं.

ट्रॉफीच्या आधीच, २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते.

अर्थात याची किंमतही आहे. पोरं मोठी होतात तशी महाग होतात आणि भार पडतो तसं शरीर कुरकुरतं. अकराव्या सीझनमध्ये अस्लमला गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसावं लागलं, शादलू हरियाणाकडे गेला होता, आणि गतविजेती पलटण आठव्या नंबरवर घसरली. त्या सीझनची फायनल झाली पुण्यातच, बालेवाडीत. जिंकलं हरियाणा.

बाराव्या सीझनमध्ये अजय ठाकूर कोच म्हणून आले आणि पलटण पुन्हा फायनलला पोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीने ती ३१-२८ अशी जिंकली. पलटणकडून सर्वाधिक पॉईंट होते आदित्य शिंदेचे, २०२२ च्या फायनलमध्ये मुख्य रेडर नसताना मॅटवर उतरलेल्या त्याच पोराचे.