दारूचा अड्डा दिसला, गांजावाला सापडला: नागरिकाने पकडायचं की नाही? कायदा काय म्हणतो, न्याय्य कितपत?

सीमाभागात हे प्रश्न नेहमीचे. गल्लीच्या तोंडाशी गांजा विकणारा पोरगा सगळ्यांना माहीत असतो. गावाबाहेर हातभट्टी चालते, तिथला वास शाळेपर्यंत येतो. पोलिसांना सांगितलं तर "बघतो" म्हणतात. मग गावातल्या बायका किंवा तरुण मंडळ ठरवतं, आपणच धरू. पण धरायचा अधिकार आहे का? आणि धरल्यावर ज्या कायद्याखाली त्या माणसाला शिक्षा होणार, तो कायदा तरी सगळ्यांना सारखा आहे का? हे दोन्ही प्रश्न एकत्रच बघावे लागतात.

सामान्य माणसाचा हात कुठपर्यंत पोहोचतो?

१ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम ४० खासगी व्यक्तीने केलेल्या अटकेबद्दल आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४३ होतं. त्याच्या अटी अशा:

- गुन्हा डोळ्यांदेखत घडलेला हवा. ऐकीव माहिती, व्हॉट्सॲपवरचा फोटो किंवा "काल बघितला होता" एवढं चालत नाही.
- गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, असा दोन्ही हवा. नाहीतर तो माणूस न्यायालयाने फरार म्हणून जाहीर केलेला हवा.
- पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. ही सहा तासांची मर्यादा नव्या कायद्यात आली. पूर्वी फक्त "विनाविलंब" असं होतं.

मारणं, खांबाला बांधणं, तोंडाला काळं फासणं, व्हिडिओ काढून फिरवणं यातलं काहीही या कलमात बसत नाही. अधिकार नसताना एखाद्याची वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली एक महिन्यापर्यंत कैद, आणि कोंडून ठेवलं तर कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एक साधं उदाहरण घ्या. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणारा माणूस. न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली त्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सामाजिक सेवा एवढीच शिक्षा आहे. हा गुन्हा जामीनपात्र. म्हणजे त्रास कितीही झाला तरी निव्वळ या कारणासाठी शेजाऱ्याने त्याला "अटक" करायची नाही, पोलिसांना बोलवायचं. तो अंगावर धावून आला तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतःच्या बचावाचा हक्क लागू होतो, पण तोही हल्ला परतवण्यापुरता.

हात का बांधलेत?

हे वाचून पुष्कळांना वाटतं की कायदा चोराच्या बाजूचा आहे. पण २०१८ चा जुलै महिना आठवावा. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढा भागातले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावात हैदराबादहून आलेल्या एका तरुणाचा तशाच अफवेने जीव गेला. दोन्ही ठिकाणच्या जमावाला आपण गुन्हा रोखतोय असंच वाटत होतं.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळीविरुद्ध निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी त्यासाठी नेमायला सांगितलं. पुढे न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये, पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप अशी वेगळी तरतूद आली. भाषा आणि जन्मस्थान हे दोन शब्द सीमाभागातल्या माणसाने नीट वाचावेत. हद्दीच्या गावात परका दिसणारा माणूस बहुतेक वेळा शेजारच्या राज्यातलाच असतो.

बाटली तीच, हद्द ओलांडली की गुन्हा

संकटात पडलेल्याला पकडणं जसं कठीण, तसंच गुन्हा कशाला म्हणायचं हेही इथे कठीण. दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. कलम ४७ राज्यांना नशाबंदीच्या दिशेने जायला सांगतं, पण प्रत्येक राज्य आपापल्या चालीने चालतं.

- महाराष्ट्र: १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. कायद्याने बंदी, आणि सूट परवान्यावर. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण बंदी. चंद्रपुरात २०१५ मध्ये आणली, २०२१ मध्ये उठवली.
- गुजरात: मूळ कायदा तोच १९४९ चा, पण राज्य झाल्यापासून बंदी कायम. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बनवणं, विकणं, वाहून नेणं यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद. २०२३ च्या अखेरीस गिफ्ट सिटीत मात्र सवलत दिली.
- गोवा: दारू उघड आणि स्वस्त. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.
- कर्नाटक: १९६५ चा अबकारी कायदा. बंदी नाही, पण राज्याचा कर भरलेलीच दारू चालते.
- मध्य प्रदेश: विक्री चालू, पण १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक ठिकाणची दुकानं बंद.

हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर तस्करीचं मूळ करातल्या फरकात आहे. गोव्यात घेतलेल्या बाटलीवर गोव्याचा कर भरलेला असतो. ती चोर्ला घाटातून बेळगावकडे किंवा बांद्यातून सावंतवाडीकडे परवान्याशिवाय आली की पलीकडच्या राज्याचा महसूल बुडतो आणि बाटलीवाला आरोपी होतो. ट्रकभर माल आणणाऱ्याला शिक्षा हवीच. पण त्याच कायद्याच्या जाळ्यात लग्नाहून परतणारा माणूसही अडकतो. वडोदऱ्याच्या माणसाने घरात बसून एक पेग घेतला तर तो गुन्हा. तोच माणूस दमणला गेला तर तो ग्राहक. घरात बसून पिणं हा खासगी हक्क आहे का, यावरच्या याचिका ऐकण्याजोग्या आहेत असं गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. १९५१ च्या बालसरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा बराचसा कायदा वैध ठरवला होता. पण खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २०१७ चा, म्हणून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

तंबाखूचंही असंच. निपाणी भागात तंबाखूचं पीक राजरोस निघतं, पण गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे.

गांजा, ब्राऊन शुगर, एमडी: शिक्षा वजनावर

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, मात्र केंद्राचा आणि सगळीकडे सारखा. यात शिक्षा वजनावर ठरते.

- गांजा: १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक
- चरस: १०० ग्रॅमपर्यंत अल्प, १ किलोच्या वर व्यावसायिक
- हेरॉईन: ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक
- एमडी, म्हणजे मेफेड्रोन: २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत आणि व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा ते कमाल वीस वर्षं सक्तमजुरी. भांगेची पानं, शेंड्याशिवाय असली तर, या व्याख्येतच येत नाहीत. अफूची शेती मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने होते. तीच परवान्याशिवाय केली की तुरुंग.

या कायद्यावर टीका होते ती तीन गोष्टींवरून. पहिली, माल ताब्यात सापडला की आरोपीनेच समाधानकारक खुलासा द्यायचा. दुसरी, व्यावसायिक प्रमाण असेल तर कलम ३७ प्रमाणे आरोपी निर्दोष असण्याला सबळ कारण आहे असं न्यायालयाला वाटलं तरच जामीन. तिसरी, भेसळीसकट वजन धरलं जातं; हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात कायम केलं. परिणाम बघा: २४० ग्रॅम शुद्ध हेरॉईन बाळगणारा मधल्या गटात राहतो, आणि ५ ग्रॅम हेरॉईन ३०० ग्रॅम पावडरीत मिसळून विकणारा किमान दहा वर्षांच्या गटात जातो. टोळीचा मालक सहसा माल अंगावर ठेवत नाही. वजनाचा फटका बसतो तो पोतं वाहणाऱ्या हमालाला आणि पुड्या विकणाऱ्या व्यसनी पोराला.

याच कायद्यात एक चांगली तरतूद आहे, पण ती फारशी कुणाला माहीत नसते. कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही.

बायकांच्या हातातलं हत्यार

महाराष्ट्रात परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी मतदानाची सोय आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की गुप्त मतदान होतं; आडवी बाटली म्हणजे बंद, उभी बाटली म्हणजे चालू. पण झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई कामाला परगावी गेली, तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्या खात्यात जमा होतं. अवैध दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली, पण त्याचंही मुख्य काम माहिती देणं हेच. आणि यातलं काहीच निपाणी-खानापूरच्या गावांना लागू नाही, कारण हा महाराष्ट्राचा कायदा.

मग न्याय्य कुठे, अन्याय्य कुठे?

नागरिकाला पकडण्याचा अधिकार मोजकाच दिला, हे न्याय्यच आहे. राईनपाडा आणि मुरकीनंतर त्यावर फार वाद उरत नाही. पण लोकांचे हात बांधले तर पोलिसांनी हात चालवले पाहिजेत. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव संध्याकाळपर्यंत अड्ड्यावर पोहोचत असेल, तर कायदा तिच्यापुरता अन्याय्य ठरतो. दुसरीकडे, व्यसनाचे कायदे विकणाऱ्यापेक्षा पिणाऱ्यावर आणि मालकापेक्षा हमालावर जास्त जड पडतात. त्यात राज्याची हद्द बदलली की अपराधाची व्याख्या बदलते. दुरुस्तीची गरज आहे ती इथे.

प्रत्यक्षात काय करावं?

- तातडीच्या वेळी ११२. अमली पदार्थांची माहिती द्यायला १९३३ हा 'मानस' क्रमांक. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६.
- ठाणं "आमची हद्द नाही" म्हणालं तर कलम १७३ दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.
- संशयिताचे खिसे किंवा पिशवी तपासू नका. एनडीपीएसमध्ये अंगझडतीचे कडक नियम आहेत. आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. गावकऱ्यांनी आधी हात घातला की पुराव्यावर शंका घ्यायला वाव मिळतो.
- हातभट्टीचा माल स्वतः ओतून टाकू नका, तो मुद्देमाल आहे. जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा.
- खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती पोलिसांवर न्यायालयातही करता येत नाही. धमकी आली तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्यात अर्ज करता येतो.
- घरातलाच मुलगा व्यसनात असेल तर पोलीस केस होईपर्यंत थांबू नका. कलम ६४अ ची माहिती वकिलाकडून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून घ्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांना तिथे वकील मोफत मिळतो.