आजारी मासा, आणि आजार पोसणारा नदीचा तळ

रोगावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी विचारतो, आजारी कोण? क्लॅमथ नदीचा इतिहास वाचताना मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटायला लागला: आजार राहतो कुठे?

१९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात ट्राउट माशातल्या एका परजीवीचं वर्णन प्रसिद्ध झालं. आज त्याला सेराटोनोव्हा शास्ता म्हणतात. तो आतड्यावर हल्ला करतो आणि सॅमनची पिल्लं दगावतात. गंमत अशी, की आजारी माशापासून निरोगी माशाला थेट लागण होत नव्हती. मग रोग येतो कुठून?

दिशा मिळाली एका वेगळ्याच रोगातून. ट्राउटला गरगर फिरायला लावणाऱ्या रोगाचा परजीवी आधी गाळातल्या ट्युबिफेक्स कृमीत वाढतो, हे वुल्फ आणि मार्किव्ह यांनी १९८४ मध्ये दाखवलं. दोन वेगळे जीव समजले जायचे, ते एकाच जीवाच्या दोन अवस्था निघाल्या. त्याच वाटेने जाऊन बार्थोलोम्यू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शास्ता परजीवीचा दुसरा यजमान शोधला: मानायुंकिया नावाचा, काही मिलिमीटर लांबीचा कृमी. पहिल्या वर्णनानंतर तब्बल ४७ वर्षांनी!

आता कृमीचं घर बघा. बारीक गाळाची नळी करून तो तळाशी, शेवाळात राहतो. ओरेगॉनमधून कॅलिफोर्नियात येणाऱ्या क्लॅमथवर १९६० च्या दशकात आयर्न गेट धरण उभं राहिलं. वाळू-गोटे धरणामागे अडले आणि खालचा प्रवाह संथ, एकसुरी झाला. पुरात तळ घासला जाणं कमी झालं आणि कृमीला स्थिर घर मिळालं. वर जाणारे सॅमन धरणाशीच अडायचे, अंडी घालून तिथेच मरायचे. त्यांच्या शरीरातले बीजाणू कृमीला लागायचे आणि वसंतात कृमीतून सुटलेले बीजाणू पिल्लांना.

म्हणजे औषध माशाला नाही, नदीला हवं होतं. २०१७ मध्ये हूपा आणि युरोक या आदिवासी समाजांनी केलेल्या दाव्यांत न्यायालयाने आदेश दिला: तळ धुण्यासाठी ७२ तास किमान ६,०३० क्युसेक विसर्ग सोडा. आपल्याकडे पावसाळ्यात बातम्यांत ऐकू येतो, तोच क्युसेक. पण पाणी फुकट नसतं. वर शेतकरी त्याच पाण्याची वाट बघत होते. २०२१ च्या दुष्काळात हा विसर्गही झाला नाही आणि मुख्य कालवाही बंद राहिला. पिल्लं मेली, शेतंही कोरडी राहिली.

शिवाय नुसत्या पाण्याने भागत नाही. भांडं घासायला राख लागते, तशी नदीचा तळ घासायला वाळू लागते, आणि तीच धरणामागे अडकलेली. २०२३-२४ मध्ये आयर्न गेटसह चार धरणं काढली गेली, तेव्हा पाण्यासोबत गाळही मोकळा झाला. २०२४ च्या शरदात सॅमन जुन्या धरणाच्या जागेच्या वर पोहोचले. रोग किती घटेल, हे सांगायला अनेक वर्षांची मोजणी लागेल.

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा एवढं करा: तुमच्या 'आजारी माशा'भोवती एक मोठं वर्तुळ काढा. कृमी, गाळ, धरण, न्यायालय, शेतकरी, सगळे त्यात येतात का बघा. खरा प्रश्न बऱ्याचदा त्या वर्तुळाच्या कडेला असतो.