नाव ठेवलं, नदी लपवली

भंडाऱ्यात राहून मी नागपूरच्या नदीवर लिहितोय, कारण ती नदी शेवटी आमच्याकडेच येते.

नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२च्या सुमारास तिच्या परिसरातल्या बारा वस्त्या जोडून शहर वसवलं. या नदीवरूनच त्याला नागपूर हे नाव मिळालं, असं मानतात. पुढे १८७०मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी तिच्या वरच्या अंगाला अंबाझरी तलाव झाला.

शहर वाढलं, तसं सांडपाणी नदीत आलं. दोन्ही बाजूंना भिंती उठल्या, काही ठिकाणी वर स्लॅब पडले. पण नदी खरी लपली ती एका शब्दामागे. लोक तिला ‘नाला’ म्हणू लागले. नदीत घाण सोडताना हात अडखळतो. नाल्यात अडखळत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा इथे नदी आहे हे शहराला पुन्हा आठवलं.

आम्हाला ते विसरताच येत नाही. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पूर्वी वैनगंगा वाहती होती, पावसाळ्यातला पूर घाण पुढे ढकलायचा. १९८८मध्ये पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे धरणात पाणी अडलं, तसं सांडपाणीही अडलं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. याच वैनगंगेचं पाणी भंडारा शहर पितं. ज्यांची गावं धरणात बुडाली, त्यांच्या वाट्याला असं पाणी यावं?

कन्हान-वैनगंगेच्या संगमावर आंभोरा आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असं एक परंपरा सांगते. आता तिथे मोठा केबल पूल झालाय आणि लोक सेल्फी काढायला येतात. पुलाखालच्या पाण्यात नागपूरचा सिंकही आहे आणि संडासही.

नाग शुद्ध करण्यासाठी सुमारे दोन हजार कोटींची योजना मंजूर आहे. तिचं यश नागपूरच्या काठावर लावलेल्या झाडांवरून मोजू नका. भंडाऱ्यात नळाला येणाऱ्या पाण्याचा वास घेऊन ठरवा.