आकडा उतरवण्याचा सोस

आयसीयूच्या दारात रात्रपाळीच्या सिस्टरला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘ताप उतरला का?’ व्हेंटिलेटर, सलाईनचे पंप, मॉनिटरवरच्या रेषा यांतलं नातेवाइकांना फारसं काही कळत नाही. ताप मात्र कळतो. ‘हो, आता शंभर आहे’ म्हटलं की बिचाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. आकडा उतरला म्हणजे माणूस सुधारला, ही समजूत त्यांच्याकडे आली ती आमच्या धंद्यातूनच. आणि तिचं वय फार नाही, दोनशे वर्षांच्या आतबाहेर.

त्याआधी तापाकडे बघण्याची रीत वेगळी होती. सतराव्या शतकात लंडनचे डॉक्टर सिडनहॅम तापाला निसर्गाचं हत्यार मानत. चरकसंहितेचं निदानस्थान ज्वरापासूनच सुरू होतं, आणि नव्या ज्वरावर पहिला उपाय सांगितला आहे तो लंघनाचा. आपल्याकडे टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणत, म्हणजे तीन आठवड्यांची त्याची मुदत तो भरणारच, हे घरादाराला ठाऊक असे. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, जरा बऱ्या घरात कोलन वॉटरच्या, तोंडाला पेज आणि उशाशी कोणीतरी जागं. त्या पट्ट्या रोग्याला बरं वाटावं म्हणून असत. ताप हरवायचा आहे, असं पट्टी ठेवणाऱ्या आजीच्या मनातही नसे.

आकडा आला तो जर्मनीतल्या लाइपझिगहून. डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी तिथल्या रुग्णालयात सुमारे पंचवीस हजार रोग्यांचं तापमान वर्षानुवर्षं नोंदवलं आणि १८६८ साली ग्रंथ काढला. ३७ अंश सेल्सियस नॉर्मल आणि ३८ च्या वर ताप, ही रेघ त्यांची. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून बसावं लागे. हे काम कोणी केलं असेल ते सांगायला नको. आम्हा नर्सेसचा टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वासाचा तक्ता, हा त्याच नोंदवह्यांचा वंशज. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत उरकणारा थर्मामीटर केला आणि तो डॉक्टरांच्या खिशात गेला. गंमत म्हणजे वुंडरलिश यांचा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, आणि तो तपासला तेव्हा दीड-दोन अंश जास्तच दाखवत होता!

वुंडरलिश स्वतः तापाला लक्षण म्हणत, रोग नव्हे. पण आकडा हाती आला की तो खाली आणावासा वाटतोच. लिव्हरपूलचे जेम्स करी यांनी तापकऱ्यांवर गार पाण्याच्या बादल्या ओतून १७९७ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. श्टेटिनच्या अर्न्स्ट ब्रांट यांनी १८६१ मध्ये त्याचं शास्त्र केलं. टायफॉइडच्या रोग्याचा ताप ३९ च्या वर गेला की त्याला गार पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसवायचं, सतत अंग चोळायचं, आणि तीन तासांनी पुन्हा मोजायचं. चढला असेल तर पुन्हा टब. दिवस असो की रात्र. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉक्टर विल्यम ऑस्लरही हे करत. रोगी गयावया करतो, कुडकुडतो, निळा पडतो, हे बघायला क्रूर वाटतं, अशी कबुली त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात दिली आहे. तरी उपचाराची बाजू सोडली नाही, कारण मृत्यू कमी झालेले दिसत होते. मला विचाराल तर त्यात पाण्याइतकाच वाटा टब देणाऱ्या नर्सेसचा असावा. दर तीन तासांनी ज्याला चार हात उचलतात, पुसतात, पाणी पाजतात, त्याला पाठीला जखमा होत नाहीत आणि तो दुर्लक्षाने मरत नाही.

मग गोळी आली, तीही चुकून. १८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये एका रोग्याला जंतांवर नॅप्थलीन द्यायचं होतं; बाटलीत भलतंच रसायन निघालं आणि ताप मात्र उतरला. ते ॲसिटानिलाइड. त्यानेही माणसं निळी पडत, रक्तच बिघडे. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. पॅरासिटामॉल १८९३ पासून माहीत असूनही अडगळीत पडलं होतं, ते १९५० च्या दशकात वर आलं आणि घराघरात शिरलं.

गंमत बघा, याच काळात व्हिएन्नात डॉक्टर वाग्नर-याउरेग नेमकं उलटं करत होते. सिफिलिसने मेंदू गेलेल्या रोग्यांना त्यांनी १९१७ मध्ये मलेरियाचं रक्त टोचलं, मुद्दाम ताप चढवला आणि मग क्विनाइनने थांबवला. काही माणसं खरोखर सुधारली. १९२७ चं नोबेल मिळालं.

मुंबईतल्या महापालिकेच्या आयसीयूत आम्ही शिकलो ते मात्र ब्रांटच्याच वळणाचं. ३८.५ दिसले की पॅरासिटामॉल, ३९ दिसले की स्पंजिंग, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या. बर्फ लागला की पहिल्यांदा दंडावर काटा येतो, मग जबडा थरथरतो, मॉनिटरवर नाडी १२० ची १४० होते, बोटं इतकी गार पडतात की ऑक्सिजनचा क्लिप रीडिंगच धरत नाही. कारण तापात मेंदूने स्वतःच पारा वर चढवून ठेवलेला असतो. बाहेरून गार कराल तितकं शरीर हुडहुडी भरून आतून पेटवतं. ज्याला आधीच ऑक्सिजन पुरत नाही त्याच्याकडून ही मजुरी करून घ्यायची!

शंका घ्यायला सुरुवात झाली ती सरड्यांवरून. १९७५ मध्ये शास्त्रज्ञ मॅथ्यू क्लूगर यांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. थंड ठेवलेले बहुतेक मेले, गरम ठेवलेले बहुतेक जगले. मग माणसांवर पाहिलं गेलं. २००५ मध्ये मायामीच्या ट्रॉमा आयसीयूतला ताप उतरवण्यावरचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ८२ रोगी होते. ताप जोमाने उतरवलेल्या गटात सात दगावले, ४० अंशांपर्यंत वाट पाहिलेल्या गटात एक. संख्या लहान, म्हणून त्यावरून पैज लावू नये. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये संसर्ग झालेल्या ७०० रोग्यांवर शिरेतून पॅरासिटामॉल तपासलं, तेव्हा मृत्यूंत फरक पडला नाही. फ्रान्समध्ये सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या), गुंगीत ठेवलेल्या २०० रोग्यांना बाहेरून गार केलं तेव्हा चौदा दिवसांतले मृत्यू कमी दिसले, पण रुग्णालयातून सुटीपर्यंत तो फरक टिकला नाही.

म्हणून आता रोगी बघून ठरवतात. डोक्याला मार असेल, हृदय बंद पडून पुन्हा सुरू केलेलं असेल, तर ताप चढू द्यायचा नाही. न्यूमोनियाचा ३८.८ असेल आणि बाकी घडी नीट असेल, तर जंतूंवरचं औषध वेळेवर द्यायचं आणि बर्फ फ्रीजमध्येच राहू द्यायचा. मला हे पटतं.

ब्रांटचा टब शंभर टक्के बरोबर ठरतो तो उष्माघातात. तिथे मेंदूने पारा चढवलेला नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात कोणी बरळत कोसळलं आणि अंग भाजत असेल, तर गोळी शोधत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि तेवढ्यात कोणीतरी १०८ ला फोन लावा.