दोन हिप्परगे

गुलबर्ग्याला पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कोणी गाव विचारले की मी नुसते 'हिप्परगा' म्हणून सांगत असे. १९८४ सालची गोष्ट. एकदा इतिहासाच्या सरांनी तासाला विचारले, "म्हणजे स्वामी रामानंद तीर्थांचे हिप्परगा?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला आणि मी मान हलवून मोकळा झालो. पुढे आठ दिवस माझा भाव वधारला होता.

सुट्टीत गावी आलो तेव्हा ही फुशारकी मी आमच्या जुन्या गुरुजींना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "ते हिप्परगा लोहाऱ्याकडलं रे बाबा. आपलं मादन हिप्परगा, आळंद तालुक्यातलं. मास्तर व्हायचं म्हणतोस आणि स्वतःचं गाव नीट सांगता येईना होय?"

मला खरोखरच मास्तर व्हायचे होते. त्या उन्हाळ्यात घरात तोच विषय होता. उमरग्याचे मामा म्हणत होते, "इकडं ये, मराठीतून डी.एड. कर, महाराष्ट्रात नोकरी बघू." आप्पांचे म्हणणे, गुलबर्ग्यालाच टी.सी.एच. करावे, शेत इथे, घर इथे. माझे कन्नड बाजारापुरते. त्यातून शिकायचे आणि शिकवायचे या कल्पनेनेच पोटात गोळा येई. गुरुजींकडे सल्ला मागायला गेलो तर त्यांनी उत्तर दिले नाही. "आधी त्या दुसऱ्या हिप्परग्याचं वाचून ये," एवढेच म्हणाले.

मग वाचले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्या भागात मास्तर कसा घडत आला याचा इतिहास त्यात आहे.

निजामाच्या राज्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी प्रजा एकत्र नांदत होती. कारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचे, हे धाडस त्या काळी मोठेच होते. पण ती देशी भाषा उर्दू होती. आमच्याकडच्या पोराने चार यत्ता कशाबशा मराठीत काढायच्या आणि पुढे उर्दूत शिरायचे. मराठीतून शिकवावे म्हणून लोकांनीच शाळा काढल्या. हैदराबादची विवेक वर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय या दोन्ही संस्था १९०७ च्या. असहकाराच्या काळात, १९२१ साली, लोहाऱ्याकडच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली.

त्या शाळेत १९२९ च्या सुमारास एक तरुण शिक्षक आला. नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. म्हणजे भोवती कन्नड आणि घरात मराठी, आपल्यासारखाच सीमेवरचा माणूस. शिक्षण सोलापूरला, मग अमळनेरला, पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. पुण्या-मुंबईत राहून नाव कमावता आले असते. ते सोडून हा माणूस निजामी मुलुखातल्या एका खेड्यात मुलांना शिकवायला आला आणि मुख्याध्यापक झाला. १९३२ साली तिथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही शाळा सुटली नाही. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले, तेही शाळेच्याच कामाला. १९३८ चा सत्याग्रह, तुरुंगवास, स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद, हे सगळे त्यानंतरचे.

त्याच १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. म्हणजे शिकण्यासाठी हद्द ओलांडणे हे आपल्याकडे मामांच्या सल्ल्यापासून सुरू झालेले नाही. ते फार जुने आहे. पण खेडगीकर मास्तरांनी हद्द उलटी ओलांडली होती. बाहेर तयारी केली आणि आत येऊन शिकवले. मला ते विचारात पाडणारे वाटले.

पुढची हकीकत आपल्या घराघरांतली आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५२ च्या निवडणुकीत स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्ग्यातून. १९५७ साली औरंगाबादेतून. या दोन निवडणुकांच्या मध्ये, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, रेघ ओढली गेली. आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला, स्वामीजींचे हिप्परगा मुंबई राज्यात. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कलम चांगले आहे. पण मातृभाषेची शाळा चालवायला मातृभाषेत शिकवणारा मास्तर लागतो आणि तो त्याच गावात राहायला तयार असावा लागतो.

आमचे गुरुजी अशांपैकी होते. चौथीपर्यंत मराठी, पुढे उर्दू. आणि राज्य बदलल्यावर वयाच्या चाळिशीत ते कन्नड बाराखडी गिरवायला बसले. शिकवले मात्र जन्मभर मराठीतून. हे मी त्यांना पुन्हा भेटलो तेव्हा कळले. त्यांनी एवढेच विचारले, "तुला कन्नडची भीती वाटते का लाज?" मी म्हणालो, "भीती." "मग जा. भीती सहा महिन्यांत मोडते."

मी गुलबर्ग्यालाच राहिलो. मामा दोन वर्षे नीट बोलले नाहीत.

भीती सहा महिन्यांत मोडली नाही, पण एका सराव पाठाने तिची दिशा बदलली. दुसरीच्या वर्गावर अंकवाचनाचा पाठ होता, माध्यम कन्नड. पाठाचे टाचण रात्रभर घोकले होते. फळ्यावर २९ लिहिले आणि घाबरून मी मनातल्या मराठीचे कन्नड करू लागलो: एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. मुले गोंधळली. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठून म्हणाली, "इप्पत्तोंबत्तु, सर." वीस आणि नऊ. वर्ग हसला आणि मी घामाघूम झालो.

रात्री खोलीवर विचार करीत बसलो. कन्नडमध्ये जसे लिहितो तसे बोलतो: आधी वीस, मग नऊ. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी. आमच्या गावची मुले पंचवीस सांगितले की ५२ का लिहितात, हे मला त्या रात्री उमगले. ती मुले ढ नव्हती. ती ऐकल्याप्रमाणे लिहीत होती. तसेच दीड आणि अडीच. मराठीत हे शब्द सुटे पाठ करावे लागतात. कन्नडमध्ये 'ओंदूवरे', 'एरडूवरे' म्हटले की एक आणि अर्धा, दोन आणि अर्धा हे ऐकूनच कळते.

नोकरी लागल्यावर मराठी शाळेत मी हेच केले. मुलांच्या कानावर दोन्ही भाषा असतातच. आधी कन्नड मोजणीने दशक-एकक समजावायचे, मग मराठी नाव पाठ करून घ्यायचे. पुढे २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले आणि केवढा गदारोळ उठला! विधिमंडळापर्यंत विषय गेला. वर्तमानपत्रे वाचताना मला ती पुढच्या बाकावरची मुलगी आठवली. 'एकवीस' हा शब्द टाकून द्यावा असे मी कधीच म्हणणार नाही. तो आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आहे. पण तो मुलाला अवघड का जातो, हे दुसरी भाषा शिकल्याशिवाय मला कळले नसते.

निवृत्तीनंतर मी लोहाऱ्याकडच्या त्या हिप्परग्याला जाऊन आलो. एका पारावर कोणीतरी गाव विचारले. "मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी," असे मी सगळे नीट सांगितले.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी आली. कॉलेजात आहे, मास्तरीण व्हायचे म्हणते. घरी तोच वाद चालला आहे: इकडे शिकावे की तिकडे. "काका, काय करू?" म्हणाली. मी तिला एक ते शंभर अंक आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये अक्षरी लिहून आणायला सांगितले आहे. दिवाळीनंतर घेऊन येते म्हणाली आहे.