तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे खेळावरून मन का उडते?

सातवीपर्यंत कबड्डी किंवा खो-खोच्या संघात पुढे असणारी मुले आठवी-नववीत सरावाला टाळाटाळ करू लागतात. पालकांना हा आळस वाटतो. बहुतेक वेळा मूल खेळाला नव्हे, तर स्पर्धेतल्या एखाद्या त्रासाला कंटाळलेले असते. तो त्रास कोणता, हे आधी शोधा.

शरीरातील बदल

मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्यामुळे १४ वर्षांखालील एकाच संघातील दोन मुलांच्या उंचीत आणि ताकदीत मोठा फरक दिसतो. उशिरा वाढणाऱ्या मुलाला वाटते, 'मला जमतच नाही.' हा फरक पुढे बराच भरून निघतो, हे त्याला सांगा.

वाढीच्या काळात धावता-उड्या मारताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखू शकते. मुलींना पाळीतील पोटदुखी, कपडे बदलण्याची गैरसोय आणि रक्तक्षय यांचा त्रास होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशी मुलगी लवकर दमते आणि मग मैदान टाळते.

स्पर्धेचा ताण

साखरखेर्ड्याच्या शाळेतील संघाला सिंदखेडराजा तालुका, बुलढाणा जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्याच पायरीवर हरणारे संघ अर्थातच जास्त असतात. जे राखीव म्हणून बाकावर बसतात, त्यांना तर खेळायलाच मिळत नाही. त्यात ओरडा, तुलना, शिकवणी आणि दहावीच्या क्रीडा गुणांची अपेक्षा यांची भर पडते.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना खेळात मजा कशामुळे येते, हे विचारले होते. मनापासून प्रयत्न करणे, संघातील चांगले वातावरण आणि प्रशिक्षकाचे प्रोत्साहन यांना मुलांनी वरचे स्थान दिले. जिंकणे बरेच खाली होते.

पालकांनी काय करावे?

- 'का सोडलेस?' याऐवजी 'मैदानावर काय आवडत नाही?' असे विचारा.
- सामन्यानंतर चुका मोजू नका.
- आठवड्यातून किमान एक दिवस सरावाला पूर्ण सुट्टी द्या. या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते.
- संघ सोडायचा असेल तर सोडू द्या, पण हालचाल थांबू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १७ वर्षांपर्यंत दिवसाला सरासरी ६० मिनिटे व्यायाम हवा. सायकल, पोहणे, गल्लीतले क्रिकेट, शेतातले काम हेही चालते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- खेळताना छातीत दुखणे, चक्कर किंवा बेशुद्धी आल्यास खेळ लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.
- सांध्याला सूज, लंगडणे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे.
- फिकटपणा, थोड्या श्रमाने धाप लागणे, वजन घटणे.
- दोन आठवड्यांहून जास्त उदासपणा, मित्रांपासून दूर राहणे. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

एखाद्या प्रशिक्षकाचे किंवा मोठ्या मुलांचे नाव काढताच मूल घाबरत असेल, तर त्याला परत मैदानावर पाठवण्याआधी शांतपणे ऐकून घ्या. मारहाण किंवा नकोसा स्पर्श झाल्याचे कळल्यास चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकावर मदत मागा.